मागच्या खोलीतला सूर

माझी मावशी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांना "आता बरं दिसतंय की मघाशी?" असं विचारायचं, हे तिचं काम. आणि संध्याकाळी गायचं, हा तिचा खरा जीव. ती एका गायनवृंदात कितीतरी वर्षं गात होती. पण वृंदाचे मास्तर निवृत्त होऊन दूरच्या गावी राहायला गेले, कुणाची बदली झाली, कुणी नातवंडांत अडकलं, आणि वृंद हळूहळू पांगला. मास्तर मात्र स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी एक नवं गाणं बांधलं आणि सगळ्यांना कळवलं, की आपापल्या घरी बसून आपला भाग गा, रेकॉर्ड करून पाठवा, मी इथे सगळे आवाज जुळवतो.

त्या वर्षी मी नर्सिंगच्या शिक्षणासाठी मावशीकडे राहत होते. घरात कॉम्प्युटरचं थोडंफार कळणारी मीच, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. मागच्या खोलीत बसून मी माझ्या हेडफोनची पिन कॉम्प्युटरला खुपसली, त्याचा इवलासा माइक मावशीच्या तोंडासमोर धरला, ती गायली आणि आम्ही पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन.

"ताई, गाताना मागे कुणी काही तळत होतं का?"

"नाही हो. स्वयंपाकघर बंद होतं."

"मग ही चरचर कसली? आणि तिच्या खाली आणखी काहीतरी घुमतंय. असं करा, एक साउंड कार्ड घ्या आणि बरासा माइक घ्या. तुमचा आवाज मला असा गाळात रुतलेला नको."

मावशीने फोन ठेवला. गाळ हा शब्द तिला लागला होता.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे. कुठलंही यंत्र घ्यायचं म्हटलं की त्यांना हुरूप यायचा. शनिवारी दुपारी आम्ही तिघं वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथली मालकीण तरतरीत, केस बारीक कापलेली, आणि गळ्यात कायम हेडफोन अडकवलेला. आम्ही आपसांत तिला हेडफोनवालीच म्हणू लागलो.

"कार्ड बघायचंय," काका म्हणाले आणि खिशात मावेल अशा काहीतरी वस्तूची वाट बघत उभे राहिले. तिने त्यांच्यापुढे जेवणाच्या डब्याएवढी एक धातूची पेटी ठेवली.

"याला कार्ड म्हणतात?"

"पूर्वी कॉम्प्युटरच्या पोटात बसायचं तेव्हाचं नाव आहे, ते चिकटलं," ती हसून म्हणाली. "कॉम्प्युटरच्या आत फार गर्दी असते, काका. पंखा फिरतो, बाकीचं सामान काम करत असतं. त्या गर्दीची कुजबुज तुमच्या आवाजात मिसळते. म्हणून आवाजाचं काम बाहेर काढून वेगळ्या डब्यात ठेवायचं."

मग तिने मावशीला समजावलं. माइकमधून येणारा आवाज अगदी क्षीण असतो. डबा आधी तो मोठा करतो, मग त्याचे आकडे करून कॉम्प्युटरला देतो. मोठा करताना त्यात स्वतःची खरखर किती मिसळतो, यावर डबा बरा की वाईट ते ठरतं. बाकी दिवे आणि बटणं ही बरीचशी शोभा.

काकांचा डोळा मात्र वरच्या फळीवरच्या एका लांबरुंद डब्यावर होता. त्याला एका रांगेत आठ माइक लावायची सोय होती.

"हा घेऊ," ते म्हणाले.

"अहो, मी एकटी गाणार. आठ तोंडं कुणाची लावायची?"

"उद्या लागली तर?"

"उद्या मला सात बहिणी होणार आहेत का?"

हेडफोनवालीने तोंडावर हात धरला. काकांनी मोठ्या डब्यावरून एकदा हळहळत हात फिरवला आणि तो विषय मिटला.

दोन माइकचा लहान डबा तिने जोडून दाखवला. एक माइक स्टँडवर लावला आणि मावशीच्या कानांवर हेडफोन चढवला. "कॉम्प्युटरमधून फिरून आलेला आवाज किंचित उशिरा येतो, गाणारा गडबडतो. म्हणून हे बटण दाबायचं, मग तुमचा आवाज थेट तुमच्या कानात. बोला काहीही."

मावशी म्हणाली, "काय बोलू," आणि थांबली. ओठ तसेच अर्धवट उघडे राहिले. आम्हाला वाटलं काही बिघडलं. ती डोळे मोठे करून एकेका वस्तूकडे बघत होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग काकांच्या हाताकडे, मग माझ्याकडे.

"तुम्ही अंगठा बोटावर घासताय," ती काकांना म्हणाली. काकांनी दचकून हात खिशात घातला. "आणि तू नाकाने श्वास घेतेस तेव्हा बारीक शिट्टी वाजते गं."

पहिल्यांदा चष्मा लावून दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडचं झाड बघणारी माणसं मावशीने आयुष्यभर पाहिली होती. झाडाला इतकी पानं असतात, हे त्या क्षणी त्यांना कळायचं. त्यांचा चेहरा कसा होतो ते ती आम्हाला करून दाखवायची. त्या दुपारी तिचा चेहरा अगदी तसाच झाला होता आणि ते तिला ठाऊक नव्हतं.

डबा घेऊन आम्ही घरी आलो. रेकॉर्डिंगसाठी पुन्हा मागचीच खोली ठरली. इस्त्रीचं टेबल, गोधड्यांचं कपाट आणि काकांच्या जुन्या हत्यारांची खोकी एवढंच सामान त्या खोलीत होतं. पूर्वीच्या घरमालकाने तिच्या बाहेरच्या भिंतीला आतून लाकडी फळ्या बसवून घेतल्या होत्या, त्यामुळे तिथे आवाज घुमायचा नाही. मावशी गायली. चरचर गेली होती. आवाज असा आला, की ती माझ्या खांद्याशी उभी राहून गातेय असं वाटावं. पण ती श्वासाला थांबली की मागे ते दुसरं ऐकू यायचं. संथ, खोल, न थांबणारं घुमणं.

"वीज," काकांनी निदान केलं. मग दोन दिवस त्यांनी त्या विजेचा पिच्छा पुरवला. फ्रिज बंद करून पाहिला, दिवे काढले, अर्थिंग तपासलं, केबल बदलली. कॉम्प्युटर नुसत्या बॅटरीवर चालवला. शेवटी घराचा मेन स्विचच पाडला आणि आम्ही बिनपंख्याचे घाम पुसत बसलो. घुमणं जागच्या जागी होतं.

"डबाच सदोष आहे," काकांनी हात टेकले.

डबा परत दुकानात नेला. तिथे जोडला, तर काही नाही. हेडफोनवालीने भुवया उंचावल्या, जराशी विचारात पडली आणि आतून दुसरा डबा घेऊन आली. दिसायला साधा, करडा, बटणंही कमी.

"हाही घेऊन जा, वापरून बघा. याची स्वतःची खरखर जवळजवळ नाहीच. घुमणं डब्यातलं असेल तर याच्यात राहणार नाही."

घरी आलो, नवा डबा जोडला आणि मावशीने हेडफोन लावला. ती गायलीच नाही. नुसती ऐकत राहिली. मग हेडफोन माझ्या कानांवर ठेवला. घुमणं गेलं नव्हतं. उलट काच पुसल्यावर पलीकडचं दिसावं तसं ते स्वच्छ झालं होतं. आधी एक जाड रेघ वाटत होती. आता तिच्यात धागे होते, असंख्य, एकमेकांवरून सरकणारे.

"डबा चुकत नाहीये," मावशी म्हणाली. "डबा खरं तेच सांगतोय. हे या खोलीत आहे."

"मला तर काही ऐकू येत नाही," काका खोलीच्या मध्यभागी उभे राहून म्हणाले. आणि खरंच, नुसत्या कानांना तिथे शांतताच होती.

"आणि हे माझ्या सुरात आहे," मावशी पुढे म्हणाली. "माझ्या सा-च्या केसभर खाली. बघ." तिने हलकेच आपला सा लावला, मग किंचित उतरवला. हेडफोनमध्ये दोन्ही सूर एकमेकांत असे मिसळले, की तिचा कुठे संपतो ते मला कळेना.

तिने माइक स्टँडवरून काढला आणि डॉक्टर छातीवर स्टेथोस्कोप फिरवतात तसा तो खोलीभर फिरवायला लागली. मी मागून केबल सोडत होते. कपाटापाशी घुमणं कमी झालं, दारापाशी जवळजवळ नाहीसं झालं. खिडकीच्या बाजूला ते वाढायला लागलं. लाकडी फळ्यांच्या भिंतीपाशी ती वाकली, माइक फळीला टेकवला, आणि पटकन मागे झाली. मग पुन्हा टेकवला. या वेळी तिने डोळे मिटले.

"काय आहे?" काकांनी विचारलं.

तिने उत्तर न देता हेडफोन त्यांना दिला. काका मोटरींच्या आवाजावरून लिफ्टचं दुखणं ओळखणारे. त्यांनी आधी कपाळाला आठ्या घालून ऐकलं. "मोटर आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही. मोटर असा श्वास घेत नाही." त्यांनी बोटाने फळीवर टकटक केलं. तोच त्यांचे खांदे ताठ झाले. त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवून मला जवळ घेतलं आणि पुन्हा टकटक केलं. आतून सूर एकाएकी फुगून वर आला, हजार तोंडांनी एकदम दम भरावा तसा, आणि लाट ओसरावी तसा खाली बसला.

भिंतीने आम्हाला ऐकलं होतं.

मावशीने फळीवर तळवा ठेवला. "हात लाव," ती मला म्हणाली. लाकूड कोमट होतं. ऊन त्या बाजूला सकाळीच येऊन गेलं होतं, बाकीच्या फळ्या थंड होत्या. ही एवढी जागा मात्र अंगासारखी उबदार. वॉर्डात तापलेल्या कपाळांवर हात ठेवायची मला सवय होती, तरी तो हात मला पटकन उचलवेना.

आम्ही घराला वळसा घालून मागे गेलो. आम्ही रोज कपडे वाळत घालायचो तिथेच, छपराच्या वळचणीखाली विटांमध्ये एक फट होती. फटीतून मधमाश्या बाहेर पडत होत्या आणि तेवढ्याच आत शिरत होत्या, कुणी कुणाला न धडकता. त्यांच्या खालून मी कितीदा चादरी नेल्या होत्या.

काका घाबरले, ते साहजिकच होतं. मागच्या खोलीत येऊन त्यांनी कीटकनाशकवाल्यांचा नंबर शोधला आणि फोन कानाला लावला. मावशी वाद घालत बसली नाही. त्यांचा दुसरा कान मोकळा होता, तिथे तिने हेडफोनची एक बाजू धरली. पलीकडून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत राहिलं. काकांनी ओशाळून "चुकून लागला" म्हटलं आणि फोन ठेवला.

मावशीच्या दुकानात चष्म्याला येणाऱ्या एक निवृत्त बाई होत्या. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता मधमाश्या पाळायच्या. निरोप मिळताच त्या संध्याकाळी आल्या. जाळीची टोपी काखेत, पायात पुरुषी बूट. त्यांनी बाहेरून फट पाहिली, आतून भिंतीला कान लावला. "चांगलंच मोठं घर आहे," म्हणाल्या. "तीन-चार वर्षांचं तरी असेल."

"बाई, हे लावून ऐका," मावशी म्हणाली.

भूगोलाच्या बाईंनी हेडफोन लावला. सुरुवातीला त्या आम्हाला समजावून सांगत होत्या, "या दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालतायत, आतली हवा बदलायला." मग त्यांचं बोलणं कमी झालं. मग त्या खाली जमिनीवरच बसल्या, बुटांसकट. डोळे भिंतीवर, हात मांडीवर उताणे.

"इतकी वर्षं मी पेटीला बाहेरून कान लावत आले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे म्हणजे आत जाऊन बसल्यासारखं आहे हो."

थोड्या वेळाने त्यांनी एकदम बोट वर केलं. मी कॉम्प्युटरला लहान स्पीकर जोडला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं. घुमण्याच्या वर एक बारीक, उंच आवाज तरंगत होता. एक लांब सूर, मग तोच आखूड आखूड, खेळण्यातल्या पिपाणीसारखा. तो थांबला. आणि मग खालून, दबलेले, जाडसर, बदकाच्या पिल्लासारखे दोन-तीन आवाज आले.

"कोण आहे ते?" काकांनी कुजबुजत विचारलं.

"राणी," बाई म्हणाल्या. "नवी राणी. कोशातून बाहेर आलीये आणि हाक देतेय. त्या खालच्या तिच्या बहिणी. त्याही राण्याच, पण अजून मेणाच्या कोठडीत बंद आहेत. त्या आतून ओ देतायत."

"काय म्हणतायत?"

"एवढंच, की मी इथे आहे."

पुन्हा तो लांब सूर आला. पुन्हा खालून उत्तरं आली. इस्त्रीचं टेबल, हत्यारांची खोकी, दोरीवरून काढून आणलेले कपडे, सगळं जागच्या जागी होतं. आणि हातभर अंतरावर, फळीच्या पलीकडे, राण्या एकमेकींना हाका मारत होत्या. काकांनी नकळत पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

जाताना बाईंनी सांगितलं, की जुनी राणी बहुधा आधीच थवा घेऊन गेली असणार, आणि आता ही नवीही निम्म्या माश्यांना घेऊन घराबाहेर पडेल. ऊन चांगलं पडलं की केव्हाही. "मला लगेच फोन करा. आणि घाबरू नका. घर सोडून निघालेल्या माश्या सहसा कुणाला चावत नाहीत."

त्यानंतर मावशी कामावरून आली की थेट मागच्या खोलीत जायची. एकदा तिने आपला सूर केसभर उतरवून, त्या घुमण्यावर मास्तरांच्या गाण्यातला आपला भाग गायला. मी ते रेकॉर्ड केलं. ती गात असताना आत काही बदललं का, माझ्यासारख्या अडाणी कानाला सांगता यायचं नाही. पण ती थांबल्यावर तिने हेडफोन काढला नाही, आणि मीही रेकॉर्डिंग बंद केलं नाही.

रविवारी, ऊन डोक्यावर यायच्या सुमाराला, मी हेडफोन लावून बसले होते. घुमण्याचा सूर चढायला लागला. चढत चढत त्याचा कल्लोळ झाला, आणि मग हेडफोनची गरजच उरली नाही. आवाज भिंतीतून बाहेर येऊन खोलीत भरला होता. आम्ही मागे धावलो.

फटीतून माश्या उडत नव्हत्या, सांडत होत्या. भिंतीवरून ओघळून हवेत सुटत होत्या, आणि हवा वरपासून खालपर्यंत फिरत होती. आकाशाचा तेवढा तुकडा काळासोनेरी होऊन गरगरत होता. मावशी वाळत घातलेल्या चादरींमध्ये उभी होती, चेहरा वर, हात अंगालगत. माश्या तिच्या केसांजवळून, कानांजवळून जात होत्या. एक चादरीवर बसली आणि उठली. काका मला म्हणाले, "हलू नकोस," पण हलायचं माझ्या मनातही नव्हतं. मला एकच आठवतं, की तो आवाज कानांनी ऐकू येत नव्हता, तो छातीत वाजत होता.

मग तो गोल भोवरा कुंपणाकडे सरकला आणि तिथल्या झाडाच्या फांदीवर हळूहळू गोळा झाला. बघता बघता फांदीला उशीएवढा जिवंत घोस लोंबला आणि आवाज निवला. भूगोलाच्या बाई आल्या, फांदीखाली खोकं धरलं आणि एकच हलका हिसका दिला. पाणी ओतावं तसा थवा आत पडला.

उरलेल्या माश्यांचं काय करायचं, यावर त्या म्हणाल्या की भिंतीत ठेवणं बरं नाही, मधाचं ओझं वाढेल आणि उन्हाळ्यात तो फळ्यांतून गळायला लागेल. कोठडीतल्या बहिणींपैकी जी मागे राणी झाली तिचं बस्तान बसू दिलं, आणि मग एका सकाळी काकांनी एकेक स्क्रू काढत फळ्या उतरवल्या. बाई धुराचं भांडं घेऊन शेजारी उभ्या होत्या. शेवटची फळी बाजूला झाली आणि आतली ऊब आमच्या तोंडांवर आली, मेणाचा आणि फुलांचा वास घेऊन.

छतापासून गुडघ्यापर्यंत पोळी लोंबत होती. एकामागे एक, पडद्यांसारखी, मध्ये माशी जाईल एवढंच अंतर सोडून. वरची फिकट, मधाने जड झालेली. खालची गडद, जुनी. खांब होता तिथे प्रत्येक पोळं वळण घेऊन त्याच्या कडेने गेलं होतं. काकांनी खिशातली फूटपट्टी बाहेर काढली आणि पुन्हा खिशात ठेवली.

"अंधारात बांधलंय हे," ते म्हणाले. "सगळं अंधारात."

बाईंनी पोळी कापून लाकडी चौकटींत बांधली आणि माश्यांसकट आपल्याकडे नेली. खोली धुतली, फट बुजवली, फळ्या परत बसल्या. मावशीने आपला भाग पुन्हा गायला, तिच्या नेहमीच्या सुरात, आणि करड्या डब्याने त्यात स्वतःचं काहीच घातलं नाही. तोच डबा आम्ही ठेवून घेतला. लहान डबा परत करायला गेलो तेव्हा हेडफोनवालीला राण्यांच्या हाका ऐकवल्या. गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत होतं आणि ती पाठमोरी उभी राहून, दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून, पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगत होती.

मास्तरांना मावशीने आधी हे नवं आणि मग ते घुमण्यावर गायलेलं, अशी दोन्ही रेकॉर्डिंग पाठवली. त्यांचा फोन यायला वेळ लागला.

"पहिलं अगदी स्वच्छ आहे, ताई. ते घेतो," मास्तर म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "त्या दुसऱ्याच्या मागे सूर कुणी धरलाय?"

"मधमाश्यांनी."

पलीकडे त्यांनी ते रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावल्याचं फोनमधून ऐकू आलं.

"ते आपल्या गाण्यात बसायचं नाही," शेवटी ते म्हणाले. "त्याच्याशेजारी आपण कुणी उभं राहू नये. ते तसंच एकटं राहू द्या."

गाणं पुढे पूर्ण झालं. मावशीचा आवाज दुसऱ्या ओळीत निघतो आणि त्यात गाळाचा कणही नाही. ते तिने सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. दुसरं रेकॉर्डिंग तिने कुणालाच पाठवलं नाही. घरी कुणी आलं तर मात्र ती त्यांना मागच्या खोलीत नेते, खुर्ची देते, स्वतःच्या हाताने हेडफोन लावते. गाणं म्हटल्यावर लोक आधी सवयीने मान डोलावतात. मग त्यांची मान हळूहळू थांबते, आणि ते समोरच्या फळ्यांकडे बघायला लागतात.